वहिनींचं उभं हँडल

ट्रक चालवण्यात जन्म घालवलेल्या त्या म्हाताऱ्याच्या पावलावर सिस्टरांनी दोन बोटं टेकवली, आणि त्यांना काहीच लागलं नाही.

पावलाच्या वरच्या अंगाला एक नाडी असते. मनगटातल्या नाडीसारखी ती ठणठणीत नसते, लाजरी असते. मधुमेहाच्या माणसाची ती रोज बघावी लागते, म्हणजे पायापर्यंत रक्त पोचतंय की नाही ते कळतं. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं काम सिस्टर सव्वीस वर्षं करत होत्या. ही नाडी त्यांना डोळे मिटून सापडायची. त्या दिवशी तीनदा बोटं ठेवूनही सापडली नाही, तेव्हा त्यांनी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली. इस्पितळात एका शिकाऊ डॉक्टरने पहिल्याच प्रयत्नात ती शोधली.

"सिस्टर, माझी नाडी तुमच्यावरच रुसली वाटतं," म्हातारा हसून म्हणाला.

नाडी रुसली नव्हती, बोटं बधिर झाली होती. गेले तीन महिने रोज व्हायची आणि सिस्टर तिकडे कानाडोळा करत होत्या. त्यांच्या वरच्या मोठ्या सिस्टर मात्र कानाडोळा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आणखी एकदा असं झालं, तर फिरती बंद," त्यांनी सांगितलं. "ऑफिसात बसायचं आणि रजिस्टरं लिहायची." सिस्टरांना हे मरणापेक्षा वाईट वाटलं.

बोटं बधिर का होत होती, हेही त्यांना ठाऊक होतं. कारण त्यांच्याखालीच होतं, रोज फिरतीला चालवायच्या त्या सायकलचं हँडल. ती सायकल त्यांच्या धाकट्या दिराने स्वतःच्या हातांनी बांधली होती. दीर तरुणपणी शर्यती जिंकायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला चॅम्पियन म्हणायची. आता तो वडिलांचं सायकलचं दुकान चालवत होता. वहिनींना त्याने प्रेमाने सायकल दिली आणि तिला हँडलही प्रेमाने आपल्या आवडीचंच बसवलं, शर्यतीचं. मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळणारं हे हँडल धरायचं तर वाकावं लागतं. वाकलं की अंगाचा भार तळहातांवर येतो आणि मनगटातली नस दबते. चॅम्पियनला त्याचं काही वाटत नसे, कारण त्याची पाठ आणि पोट शर्यतींनी घडवलेलं होतं. सिस्टरांचं अंग घडवलं होतं जिन्यांनी, बादल्यांनी आणि रुग्णांना कुशीवर वळवण्याने.

शनिवारी दुपारी काम संपवून त्या सायकल हातात धरून दुकानात शिरल्या. बाकावर निवृत्त पोस्टमनकाका पंक्चर निघायची वाट बघत बसले होते.

"भाऊजी, हे हँडल काढायचंय. उभं बसवायचंय."

चॅम्पियनने ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता मान वर केली. "पुन्हा हात दुखतात? मी जाड पट्टी गुंडाळून देतो."

"दिली होती. महिनाभर वापरली."

"मग हातमोजे."

"तेही घातले. बोटं आता हातमोज्यांत झोपतात, एवढाच फरक."

"हँडल बोटभर वर घेतो."

"तेही दोनदा घेतलंत भाऊजी. आता आणखी वर घेतलं तर ते हातात येईल."

पोस्टमनकाका खुदकन हसले. चॅम्पियन हसला नाही. तो हात पुसत उठला आणि एखाद्या ढ मुलाला पाढे शिकवावेत तसा समजावू लागला. शर्यतीच्या हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा असतात, उभ्यावर एकच. उभं बसलं की छातीवर वारा घ्यावा लागतो. चढाला जोर लागत नाही. आणि सगळा भार जातो बुडावर.

त्याचं एक अक्षरही खोटं नव्हतं. सिस्टरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं सगळं पटलं," त्या म्हणाल्या. "पण मी दिवसाला अकरा घरं करते. दोन घरांमधलं सगळ्यात लांब अंतर दोन किलोमीटर. एवढ्यात हाताच्या चार जागा बदलून मी करू काय? वाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे मागून येणाऱ्या टेंपोशी. तो मला मान वळवून बघता आला पाहिजे, आणि दारात उतरले की बोटं जागी पाहिजेत."

"अहो, पण ती चौकट शर्यतीची आहे. तिला उभं हँडल म्हणजे घोड्याला खुर्ची बांधल्यासारखं. लोक विचारतील, चॅम्पियनने हे काय केलं?"

"सांगा, वहिनीने केलं."

"मी नाही करणार वहिनी. दुसरं काहीही सांगा."

"मी तुम्हाला विचारायला आलेच नाही. सांगायला आले."

त्यांनी पदर खोचला आणि दुकानाच्या कोपऱ्यातली लोखंडी पेटी ओढून उघडली.

या पेटीबद्दल सांगायला हवं. सासरेबुवांनी ती ठेवली होती. दुरुस्तीत निघालेले, पण अजून कामाचे असलेले भाग तिच्यात पडायचे. तिचा नियम असा होता की त्यातलं काहीही कोणीही घ्यावं, मात्र इथेच, दुकानातली हत्यारं वापरून, स्वतःच्या हाताने बसवावं. बसलं तर ते त्याचं. बसवताना दुकानातल्या कोणीही हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही. फक्त रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक तपासून द्यायचा. सासरे गेल्यावरही चॅम्पियनने हा नियम कधी मोडला नव्हता.

"वहिनी, तुम्ही आणि ती पेटी?"

"मी दुकानातली नाही, घरातली आहे. म्हणजे मला चालते. आणि तुम्ही आता गप्प बसायचं."

चॅम्पियनने तोंड उघडलं, पोस्टमनकाकांकडे बघितलं आणि मिटलं.

सिस्टरांना पेटीत एक उभं हँडल मिळालं. कोणा शिक्षिकेच्या सायकलचं असावं, टोकं मागे वळलेली. त्यांनी जुनी पट्टी उलगडली. नटावर पाना नीट बसवून, जखमेवरची पट्टी सोडवतात तशा सावकाशीने तो ढिला केला. शिंगं वळवत वळवत बाहेर काढली. नवीन हँडल मधोमध चपखल बसलं, पण जुन्या ब्रेकच्या मुठी त्यावर धरेनात. हे हँडल टोकांना बारीक होतं. मुठी आवळल्या तरी गरगर फिरत राहिल्या.

चॅम्पियन हाताची घडी घालून उभा होता. त्याला हे आधीच ठाऊक होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वहिनी विचारतील याची तो वाट बघत होता. वहिनींनी विचारलं नाही. त्यांनी पेटी पार तळापर्यंत उपसली आणि उभ्या हँडलला बसणाऱ्या ब्रेकच्या मुठींची एक जोडी शोधली. मग कळलं की तारेच्या टोकाचं बोंड या मुठीत मावत नाही. तारा बदलल्या. हात कोपरापर्यंत काळे झाले.

"सिस्टर, इंजेक्शन सोपं वाटतं का नाही आता?" पोस्टमनकाकांनी विचारलं.

"इंजेक्शनला माणूस ओरडतो तरी. हे नुसतं बघत बसतं," त्या म्हणाल्या. ते सायकलला उद्देशून होतं की दिराला, हे काकांनी विचारलं नाही.

तासाभराने सगळं आवळून झालं. मुठी दाबल्या, दोन्ही चाकं थांबली. सिस्टर सायकल घेऊन दाराकडे निघाल्या. चॅम्पियन आडवा आला. नियमाप्रमाणे ब्रेक तपासायचा म्हणून त्याने मागचं चाक उचललं, फिरवलं आणि हँडल अगदी डावीकडे वळवलं. चाक कच्चकन थांबलं.

सिस्टरांनी तार मोजली होती ती हँडल सरळ ठेवून. वळताना ती ताणली जात होती आणि ब्रेक आपोआप लागत होता. चौकात वळल्या असत्या तर टेंपोपुढे तोंडघशी पडल्या असत्या.

चॅम्पियनने सायकल पुन्हा स्टँडला लावली आणि बाजूला झाला. आता त्याच्या नजरेत मघाचा तोरा नव्हता, काळजी होती. पाना त्याच्याच हातात होता.

"द्या," सिस्टर म्हणाल्या.

त्याने पाना दिला. त्यांनी लांब तार काढली. या वेळी हँडल आधी डावीकडे पूर्ण वळवून मोजली, मग उजवीकडे वळवून मोजली आणि मगच कापली.

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला निघाल्या. वारा छातीवर आला, भाऊजी म्हणाले होते तस्साच. पुलाचा चढ लागला तेव्हा उतरून सायकल ढकलावी लागली. मागे कोण येतंय ते मात्र प्रत्येक वळणावर दिसलं. ट्रकवाल्या म्हाताऱ्याचं घर आठवं होतं. त्यांनी गुडघे टेकले, हात धुतलेले होते ते कोरडे केले आणि पावलावर बोटं ठेवली. अर्धं मिनिट काही नाही. मग बारीक टकटक आली, पुन्हा आली. पूर्ण एक मिनिट मोजून त्यांनी आकडा लिहिला.

"मिटलं का भांडण?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमच्याशी मिटलं. घरी अजून चालू आहे."

घरी चॅम्पियन जेवायला आला होता. "चढाला उतरावं लागलं ना?" त्याने पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं.

"लागलं."

"मग?"

"मग काय? उतरले, चढले आणि पुढे गेले," सिस्टर म्हणाल्या आणि त्याचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.