दोरी ओढणारी

संगमरवरात पान कोरायचं तर माणसं दोन लागतात. एकानं भोकं पाडायचा सामता दगडावर दाबून धरायचा, दुसऱ्यानं त्याला गुंडाळलेली दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढून तो फिरवायचा. ओस्तिया बंदराच्या वेशीबाहेर दामासच्या कारखान्यात दोरी ओढायची ती त्याची बायको, हेल्विया. हिवाळ्याच्या तोंडी ती तापानं गेली.

तिच्या थडग्याचा दगड दामासनं स्वतःच घडवायला घेतला. कडेनं काटेरी पानांची वेल, मध्ये नावासाठी कोरी जागा. सामता टेकवून तो सवयीनं म्हणाला, "हं, ओढ." म्हटलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

दोरी ताणली गेली.

समोर कुणी नव्हतं. पण ओढ तिचीच होती, डाव्या हाताला जरा जास्त जोर.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. कड भरली तशी वेल आत शिरली. पानावर पान चढत गेलं.

पितरांचे दिवस जवळ आले तेव्हा मेहुणी सेप्तिमा पावाची टोपली घेऊन आली.

"दाजी, हा दगड आहे की भाजीचा मळा? ताईचं नाव काय देठावर लिहिणार?"

"थोडं काम राहिलंय."

"वाटसरूनं नाव वाचलं की मेलेल्याला घर मिळतं. तोवर तिनं बसायचं कुठं?"

दोरी ओढताना हेल्विया बसायची त्या समोरच्या तिवईकडे दामासची नजर गेली. सेप्तिमानंही पाहिलं. तिवईखालच्या पांढऱ्या भुकटीत अनवाणी टाचांचे ताजे ठसे उमटले होते.

"कामाला कुणी ठेवलंय?"

"नाही."

टोपली खाली न ठेवताच ती निघून गेली.

कोरी जागा आता तळहाताएवढी उरली होती. दामासनं तिथंच सामता टेकवला.

"एवढं एकच पान."

दोरी हलली नाही.

"ओढ की गं."

एकच हिसका बसला. सामता हातातून उडाला, दोरी सुटून जमिनीवर पडली. तिवईकडून दम लागलेल्या बाईचा श्वास ऐकू आला. किती तरी वेळ येत राहिला.

"दमलीस होय," दामास म्हणाला.

त्यानं छिन्नी उचलली. नावाची अक्षरं कोरायला माणूस एकच पुरतो. एकेका अक्षराबरोबर दोरी दाराकडे सरकत होती. त्यानं मान वर केली नाही.

शेवटचं अक्षर झालं तेव्हा दोरीचं टोक तेवढं उंबऱ्याच्या आत होतं. हात लांबवला असता तर धरता आलं असतं. त्यानं धरलं नाही.