बाद पाकिटातलं मत

तपासणी अधिकारी बाईंनी कात्रीचं टोक लाखेखाली घातलं, तसं पाकिटाचं सील दोन तुकडे होऊन टेबलावर पडलं.

"हे शेवटचं केंद्र," त्या म्हणाल्या. "यातली बाद मतं तेवढी बघायची राहिलीत. मग सह्या करा आणि सुटा."

टेबलाभोवती तिघे उमेदवार बसले होते. निवडून आलेला कंत्राटदार, थोडक्यात पडलेले हेडमास्तर आणि चष्मेवाला. पहिल्या दोघांतलं अंतर इतकं कमी होतं, की निकाल कायम करण्याआधी प्रत्येक केंद्राची मतं पुन्हा ताडून बघायचं ठरलं होतं. चष्मेवाल्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. पण कागदोपत्री तोही उमेदवार, आणि प्रतिनिधी पाठवायचा तर आणायचा कुठून? म्हणून दुकान बंद करून तो सकाळपासून इथं येऊन बसला होता. दुकानात बसून तरी काय दिवे लावणार होता म्हणा.

हे केंद्र त्याच्याच गल्लीचं. निकालाच्या दिवशी इथं त्याला एक मत पडलं होतं. एक! ते त्याचं स्वतःचं, हे सांगायला ज्योतिषी नको. गल्लीला तेवढंच निमित्त पुरलं. 'अहो, घरचं मत तरी फुटू द्यायचं नव्हतं!' असं दुकानाच्या पायरीवर उभं राहून एकानं तोंडावर ऐकवलं. चष्मेवाल्यानं मान डोलावली आणि तो हातातली काच घासत राहिला. वाईट वाटायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. भूल दिलेल्या हिरडीला जीभ लावून बघावी, तसं होत होतं.

गेल्या वर्षी शाळेसमोरच्या चौकात त्याची मुलगी ट्रकखाली गेली. चौकात सिग्नल नव्हता. सिग्नलसाठी अर्ज करून करून त्याच्या चपला झिजल्या, आणि शेवटी तो स्वतःच निवडणुकीला उभा राहिला. उमेदवारी अर्ज भरून घरी आला तेव्हा बायको म्हणाली, "त्यानं ती परत येणार आहे का?" त्यानंतर दूध आलं का, किल्ली कुठंय, याच्यापलीकडे दोघांत बोलणं उरलं नाही.

बाई एकेक मतपत्रिका उलगडून टेबलाच्या मध्यभागी ठेवत होत्या.

"दोघांपुढे फुल्या. बाद. ही कोरी. बाद. इथं कुणीतरी शिवी लिहिलीय."

"कुणाला?" कंत्राटदारानं मान पुढे काढली.

"सगळ्यांनाच."

"मग हरकत नाही," तो म्हणाला, आणि हेडमास्तरांनासुद्धा हसू आवरलं नाही.

पुढची पत्रिका उलगडून बाई थांबल्या. नाकावरून घसरणारा चष्मा त्यांनी बोटानं वर सारला. चष्मा चष्मेवाल्याच्याच दुकानातला होता. डाव्या काडीचा स्क्रू आवळायला झालाय, एवढं त्याच्या लक्षात आलं.

"हिचं काय करायचं ते ठरवावं लागेल. फुलीऐवजी चित्र काढलंय. चष्मेवाल्यांच्या नावासमोर."

"बघू, बघू," कंत्राटदारानं पत्रिका स्वतःकडे वळवली. "अरे वा! चिमणी! चष्मेवाले, तुम्हाला कुणाच्या तरी पोरानं मत दिलेलं दिसतंय."

त्यानं पत्रिका चष्मेवाल्यापुढे सरकवली. नावासमोरच्या चौकोनात नखाएवढी चिमणी होती. चोच डावीकडे, शेपटी वर, शेपटीला तीन रेघा, त्यातली मधली लांब. सगळी चौकोनाच्या आत, रेघेला कुठं न शिवता बसवलेली.

चष्मेवाल्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"नियम वाचून दाखवते," बाई म्हणाल्या. "कौल कुणाला आहे ते स्पष्ट असेल, तर फुलीच हवी असं नाही. पण मत कुणी दिलं ते ओळखू येईल असं नाव, सही किंवा खूण असेल, तर मत बाद. केंद्रावरच्या लोकांनी त्याच शंकेवरून बाजूला काढलं असणार. म्हणून तुम्हा तिघांना विचारते. ही खूण कोणाची, हे इथं कुणी ओळखतं का? उत्तर इतिवृत्तात जाईल."

"आपल्याला चिमण्या-कावळ्यांतलं काही कळत नाही," कंत्राटदार म्हणाला. "नाही."

"नाही," हेडमास्तर म्हणाले. त्यांचं घड्याळाकडे लक्ष होतं.

"तुम्ही?"

हाच प्रश्न त्याला एकदा विचारून झाला होता. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, फरशी पुसल्याचा वास येत होता तेव्हा. चेहऱ्यावरची चादर काढली नव्हती, काढू नका असंच तिथला माणूस म्हणाला होता. त्यानं गणवेशाच्या कॉलरची आतली बाजू तेवढी उलटून दाखवली. शाळेत कपड्यांची अदलाबदल होते म्हणून बायको लेकीच्या प्रत्येक कपड्यावर आतून चिमणी भरायची. शेपटीला तीन टाके, मधला लांब. ही खूण ओळखता का, असं त्या माणसानं विचारलं, आणि तो हो म्हणाला.

घरी येऊन त्यानं ते सांगितलं तेव्हा बायको रडली नाही. "हो कशाला म्हणालात?" एवढंच म्हणाली. जणू तो नाही म्हणाला असता तर ती पोरगी कुणा दुसऱ्याची ठरली असती, आणि आपली संध्याकाळी दप्तर आपटत घरी आली असती. हे वेडेपण आहे, हे तिलाही कळत असणार. पण ते वाक्य दोघांच्या मध्ये येऊन बसलं ते बसलंच. तिनं सुई पुन्हा हातात घेतली नाही.

"चष्मेवाले? खूण ओळखता का?"

"नाही."

आपला आवाज त्याला भलताच मोठा वाटला. बाईंनी मान वर केली.

"नक्की ना?"

"नाही ओळखत," तो म्हणाला. उभ्या जन्मात कुणाला चुकीच्या नंबरचा चष्माही न दिलेला माणूस, बाईंच्या डोळ्यांत बघून हे बोलला.

बाईंनी पत्रिकेच्या मागे शिक्का मारला आणि ती वैध मतांच्या गठ्ठ्यात सारली. "चष्मेवाले, या केंद्रावर दोन."

"दुप्पट झाली की हो तुमची!" कंत्राटदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

निकाल होता तोच राहिला. तिघांनी सह्या केल्या. निघताना बाईंना स्क्रूचं सांगायचं चष्मेवाला विसरला.

तो घरी पोचला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. डबल बेडची चादर तिला एकटीला आवरत नव्हती. एक टोक हनुवटीखाली दाबून ती दुसरं शोधत होती.

"झालं?" तिनं न बघता विचारलं.

"झालं. निकाल तोच."

"हं."

त्यानं किल्ली खिळ्याला लावली. चपला काढल्या. मग तिथंच उभा राहून म्हणाला, "आपल्या केंद्रावर माझी दोन झाली."

चादरीचं टोक तिच्या हनुवटीखालून सुटलं आणि चादर जमिनीवर लोळली. ती उचलायला ती वाकली नाही.

"एक बाद धरलं होतं," तो म्हणाला. "खूण कोणाची ते ओळखता का, म्हणून विचारलं सगळ्यांना."

"तुम्हालाही?"

"मलाही."

ती त्याच्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी, सरळ.

"मग?"

"नाही म्हणालो."

तिनं डोळे दंडाला पुसले, खाली वाकून चादर उचलली आणि दोन टोकं त्याच्यापुढे धरली.

"नीट धरा," ती म्हणाली. "जमिनीला लागेल पुन्हा."