साडेचार इंचांतला पाव इंच

मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे. साठ इंच लांब. एके काळी पिवळीधमक होते, आता चहा सांडलेल्या कापडासारखी दिसते. एका टोकाची पितळी टोपी शाबूत आहे, दुसरी कधीच निखळून पडली. एक ते चार हे आकडे पुसले गेले आहेत, कारण शिंप्याचा अंगठा सारखा तिथेच पडतो. सध्या मी एका खिशात आहे. खिसा कुणाचा, ते ओघात येईलच. मित्रांनो, मला पाल्हाळ लावायची सवय नाही. मोजायचं आणि आकडा दाखवायचा, एवढंच माझं काम. पण आज वेळ आहे, आणि मी दमलेही आहे.

एका कारखान्यात कापडाच्या लांब पट्टीवर लेप देऊन माझा जन्म झाला. आकडे छापले, टोकांना टोप्या ठोकल्या, गुंडाळी केली आणि काचेच्या बरणीत टाकलं. तिथून मला एका तरुण शिंप्याने उचललं. त्याने नुकतंच स्वतःचं दुकान थाटलं होतं. एक टेबल, एक मशीन, एक उभा आरसा, कोपऱ्यात कपडे बदलायला पडदा आणि मागे राहायच्या दोन खोल्या. पुढे सगळे त्याला मास्तर म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते.

मास्तरांनी सगळ्यात आधी मला लावून कुणाचं माप घेतलं असेल, तर धाकट्या बहिणीचं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. गोल गरगरीत, एका जागी उभी राहील तर शपथ. काखेखालून मला फिरवलं की गुदगुल्यांनी ती खाली बसायची, आणि माप पुन्हा पहिल्यापासून. मास्तर तिला गट्टू म्हणायचे. ‘गट्टू, श्वास घे. सोड. आता हललीस तर झग्याला एकच बाही लावीन!’ वडील नव्हते. आई होती, पण शाळेचा फ्रॉक असो की पहिल्या नोकरीचा ड्रेस, गट्टूच्या अंगावरचा प्रत्येक कपडा दादाच्याच हातचा. मापांच्या वहीत तिचं एक पान होतं, वर्षागणिक वाढत गेलेल्या आकड्यांचं.

पुढे मास्तरांचं लग्न झालं आणि वही त्यांच्या बायकोकडे गेली. मास्तर माप घेत आकडा मोठ्याने म्हणायचे, टेबलाच्या त्या टोकाला काज-बटणं करणारी ती तो लिहायची. प्रत्येक आकड्यानंतर मास्तर विचारायचे, ‘लिहिलंस?’ ती म्हणायची, ‘लिहिलं.’ लिहिताना समोर दिसत असलं तरी विचारायचेच. गट्टू त्यांची नक्कल करायची. ‘दादा शिंकला, वहिनी. लिहिलंस?’

ते माझे कामाचे दिवस होते. पोट आत ओढून उभे राहणारे, माप घेताना टाचा उचलणारे, मागच्या वर्षीचंच माप धरा म्हणून हट्ट करणाऱ्या, सगळ्यांना मी ओळखून होते. मास्तर त्यांच्याशी वाद घालत नसत. गुपचूप दोन इंच वाढवून कापायचे, गिऱ्हाईक खूश. आणि वर म्हणायचे, ‘माझी टेप खोटं बोलत नाही.’ हे वाक्य ऐकलं की मला माझ्या पिवळ्या रंगाचा फार अभिमान वाटायचा.

मग आई अंथरुणाला खिळली. गट्टू दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर तिथे आणि घरी आल्यावर आईचं सगळं, असं तिने दोन वर्षं केलं. आई गेली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. नुसती दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायची, सुताच्या रिळाचं टोक शोधत. दवाखान्यात येणाऱ्या एका बाईने तिला सांगितलं, गावाबाहेर एक निवास आहे, रविवारी तिथे सगळे नुसते शांत बसतात. कुणी काही विचारत नाही.

मी मापाची जात, म्हणून खरं तेच सांगते. सुरुवातीला तिला बरं वाटलं. ती झोपू लागली, जेवू लागली. मास्तर बायकोला म्हणाले, ‘जाऊ दे तिला. आपल्याला जे जमलं नाही, ते तिथे जमतंय.’ त्या वर्षी तिच्या पानावर छातीचं माप अडतीस लिहिलं गेलं. ते त्या पानावरचं सुखाचं शेवटचं माप.

रविवारचे चार दिवस झाले. चाराचा आठवडा झाला. दवाखान्याची नोकरी सुटली. एक दिवस ती पिशवी घेऊन तिकडेच राहायला गेली. तिथे तिला नवं नाव मिळालं, फोन एका पेटीत जमा झाला. काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं, ‘मार्गदर्शकांना विचारावं लागेल.’ हे मार्गदर्शक कोण, ते मास्तरांनी कधी पाहिलं नाही. तिथल्या बायका पहाटेपासून भांडी, धुणं, बाग, सगळं करायच्या. दमले म्हटलं की सांगितलं जायचं, थकवा म्हणजे अहंकार.

मास्तरांचं चुकलं ते इथे. एकदा ती भेटायला आली असता ते मला टेबलावर आपटून ओरडले, ‘राबवतायत तुला! डोकं गहाण टाकलंयस का?’

‘तू कधी मला थांबून विचारलंस, दादा, मी कशी आहे?’ गट्टू म्हणाली. ‘त्यांनी विचारलं.’

ती गेली आणि आठ महिने आली नाही. मास्तर दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. आतून निरोप मिळाला की ती मौनात आहे. त्यानंतर दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तर मला बोटाला गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. बायको एकदा म्हणाली, ‘अहो, त्या टेपला तरी जरा विसावा द्या.’ त्या आठ महिन्यांत मी जितकी झिजले, तितकी वीस वर्षांत झिजले नव्हते.

आणि एका सकाळी गट्टू दारात उभी राहिली. बरोबर एक सोबतीण होती. ती उंबऱ्यावरच थांबली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहू लागली. मी तिचं नाव घड्याळबाई ठेवलं. निवासातल्या बायकांसाठी चाळीस राखाडी झगे शिवून हवे होते, आणि शिंपी म्हणून गट्टूने दादाचं नाव सुचवलं होतं.

मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोने सुईवरून नुसती मान वर केली. मास्तरांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, ‘मापं?’

‘सगळ्यांना एकच माप, दादा. सैल. खिसे नकोत.’

‘आमच्याकडे खिशात ठेवण्यासारखं कुणाचं काही नसतं,’ घड्याळबाईने खुलासा केला.

‘मापाशिवाय मी कात्री लावत नाही,’ मास्तर म्हणाले. ‘एकीचं तरी माप लागेल. तुझं दे.’

गट्टूने घड्याळबाईकडे पाहिलं. घड्याळबाईने घड्याळाकडे. मग मान हलली आणि गट्टू आरशासमोर येऊन उभी राहिली. या वेळी ती हलली नाही. काखेखालून मला फिरवलं तरी गुदगुल्या झाल्या नाहीत. मी तिच्याभोवती आवळले गेले, आणि मला वाटलं मास्तरांचा हात चुकला. मास्तरांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी मला सोडून पुन्हा लावलं.

‘साडेतेहेतीस,’ ते म्हणाले.

पेन्सिल वाजली नाही. मास्तरांनी विचारलं, ‘लिहिलंस?’ बायको मागच्या अडतीस या आकड्याकडे पाहत होती.

‘टेप जुनी झालीय तुझी,’ गट्टू हळूच म्हणाली. ‘ताणली गेली असेल.’

ती गेल्यावर मास्तरांनी मला लोखंडी पट्टीशेजारी सरळ पसरलं. मित्रांनो, त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी खरंच ताणले गेले होते. साठ इंचांत अर्धा इंच. म्हणजे माझ्यावर मोजलेलं माणूस आहे त्यापेक्षा जरा बारीक दिसणार. मास्तरांनी कागदावर हिशेब केला आणि बायकोला दाखवला. ‘साडेचार इंचांतला पाव इंच टेपचा. सव्वाचार गट्टूचे.’ बायकोने पदर डोळ्यांना लावला. मास्तर नुसते कागदाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवी टेप आली, निळी, चकचकीत. मी खिळ्यावर गेले. तिथून दुकान वेगळं दिसतं. ज्या गळ्याभोवती मी जन्म काढला, त्या गळ्यात दुसरीला पाहायचं, हे सोपं नसतं. गट्टूसाठी मात्र मास्तर मलाच खाली काढायचे. निळी मिजासखोर नाराज व्हायची, पण मला त्यामागचं कारण कळत होतं. माणूस भरतोय की वाळतोय हे पाहायचं असेल, तर मध्येच टेप बदलून चालत नाही.

मास्तर पाच-पाच झगे शिवू लागले. प्रत्येक पाचांआधी गट्टूने ट्रायलला यायलाच हवं, अशी अट घातली. ‘कापड धुतल्यावर आटतं,’ ते घड्याळबाईला सांगायचे. ‘उगाच चाळीसच्या चाळीस बिघडायचे.’ ते कापड आटणारं नव्हतं, हे मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, बहुतेक गट्टूलाही. आयुष्यात कधी तारीख न चुकवलेला माणूस आता पंधरा-पंधरा दिवस लावत होता. गिऱ्हाइकं चिडवायची, ‘मास्तर, तुम्हीही इतर शिंप्यांसारखे झालात की!’ मास्तर कसनुसं हसायचे.

निवासाबद्दल ते चकार शब्द काढत नसत. गट्टूला जेवण वाढलं जायचं. ती चार घास खायची, मग आठवण झाल्यासारखी थांबायची. त्यानंतर माप. खांदा घेताना मास्तर तिच्या पाठीमागे उभे राहायचे. एकदा त्यांनी माझ्यावर नजर ठेवूनच विचारलं, ‘कशी आहेस?’

गट्टूने आरशातून वहिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘लिही, वहिनी. दादाने विचारलं.’

शेवटच्या ट्रायलला छाती बत्तीस भरली. मास्तरांनी मला गुंडाळायला घेतलं, तेव्हा गट्टू मान न वळवता पुटपुटली, ‘दादा, हळू घे ना माप.’

मास्तरांनी माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. कमर घेतली, बाही घेतली, मनगट घेतलं, झग्याला नको असलेली सगळी मापं घेतली. घड्याळबाई दोनदा खाकरली. बायको एकेक आकडा लिहीत राहिली.

चाळिसावा झगा गट्टूचा होता. तो शिवताना मास्तरांनी गिऱ्हाइकाचं सांगणं मोडलं. कडेच्या शिवणीत आतून एक खिसा ठेवला, बाहेरून दिसणार नाही असा. मला खिळ्यावरून काढलं, माझ्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने काही लिहिलं, घट्ट गुंडाळून त्या खिशात ठेवलं आणि तो झगा गट्टूच्याच हातात दिला. मित्रांनो, गळ्यातून खिळ्यावर गेलेल्या टेपला असा मान मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी इथे आहे. इथल्या बायका वाईट नाहीत. गट्टूला ताप आला तेव्हा शेजारच्या अंथरुणावरचीने आपल्या वाट्याचं दूध तिला दिलं. पण सगळ्याच दमलेल्या असतात आणि ते कबूल करायची सोय नसते. गट्टू दिवसभर चादरी धुते. दुपारी गच्चीवर त्या वाळत घातल्या की ओल्या चादरींच्या मागे ती मला बाहेर काढते. पाठीवरचं वाचते, मग मला अंगाभोवती लावते. आकडा मोठ्याने म्हणते, दादासारखाच. मग थांबते. काल ती म्हणाली, ‘साडेएकतीस.’ आणि समोरच्या चादरीला विचारलं, ‘लिहिलंस?’

चादर काय बोलणार? गट्टू तिथेच खाली बसली आणि रडली. आई गेली तेव्हाचं आणि त्यानंतरचं सगळं. मी तिच्या गळ्यात होते. खूप भिजले, आणखी थोडी ताणलेही गेले असेन.

आज सकाळी ती घड्याळबाईला म्हणाली, ‘झगा सैल झालाय. दादाकडे मापाला जायचंय.’

‘मार्गदर्शकांना विचारावं लागेल.’

‘विचारा. मी फाटकाजवळ बसते.’

तेव्हापासून आम्ही दोघी फाटकाजवळच्या बाकावर आहोत. उन्हं डोक्यावर आली. उत्तर आलेलं नाही. खिशाच्या फटीतून मला फाटक नीट दिसतं. त्याला कुलूप नाही, नुसती कडी आहे. बाकापासून तिथपर्यंत माझ्या दोन लांब्यांचं अंतर असेल. मी कधी अंदाजाने बोलत नाही, पण हे अंतर मी सकाळपासून मोजते आहे.

मित्रांनो, जुन्या टेपचं एवढं ऐका. तुमच्या घरातलं कुणी असं दूर गेलं, तर त्याच्यावर ओरडून दार लावून घेऊ नका. ते कसं आहे ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्याला परत यायला काहीतरी साधंसं निमित्त ठेवा. बटण लावायचं, माप घ्यायचं, काहीही. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा आठवून पाहा, तिने तुमच्या माणसाला कधी जवळून पाहिलं आहे का.

गट्टूने खिशात हात घातला आहे. माझ्या पाठीवरच्या अक्षरांवरून तिचा अंगठा फिरतो आहे. ‘मापाला कधीही ये. दुकान उघडं आहे.’ तिने माझं पितळी टोक मुठीत घट्ट धरलं आहे. घड्याळबाई अजून आली नाही.

गट्टू उठली.