शेकोटीवरचा टीव्ही

आमच्या उत्तर मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तू म्हणतेस तर" म्हणून घ्यायचं. मग ती कॉफी असो की किडनी. त्यामुळे बाबांनी आईला दोनदाच विचारलं हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. जिना चढणं बंद, म्हणून तिची खाट खाली दिवाणखान्यात आणलेली. बसवत नसे, दिवसाचा बराच वेळ ती आडवीच. कोपऱ्यातला टीव्ही तिला दिसत नव्हता, आणि गुरुवारी माझी भाची टिल्डा राज्य स्पर्धेत हॉकी खेळणार होती, गोलकीपर म्हणून. टिल्डाला बर्फावर उभं राहायला शिकवलं ते आईनेच. ती मॅच तिला बघायचीच होती. खाटेसमोर भिंत एकच, जिच्यात दगडी शेकोटी बांधलेली ती; टीव्ही लावायचा तर शेकोटीच्या वरच.

"विचारलं मी तिला," बाबा म्हणाले. "नको म्हणाली."

"कितीदा?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. "दोनदा."

"बाबा!"

"अगं, बायको नको म्हणाली तर नको. ऐकायला नको का तिचं?"

एकावन्न वर्षांच्या संसारात हे त्यांना आजच सुचलं होतं! खरं कारण मला ठाऊक होतं. बाबा गवंडी. लग्न झालं त्या वर्षी ही शेकोटी त्यांनी स्वतः बांधली, तळ्याकाठचा एकेक धोंडा निवडून, कारण आईचे हात कायम गार. त्या दगडांना भोक पाडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मी तडक आईकडे गेले. "आई, टीव्ही शेकोटीवर लावू?"

"बरं, तू म्हणतेस तर," आई लगेच म्हणाली. "पण त्याला उगाच त्रास."

मी ड्रिल काढलं, तर बाबांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"तू सांध्यात भोक पाडशील, सिल्वी. तिथला सिमेंटचा मसाला ठिसूळ असतो. चार दिवसांत टीव्ही खाली येईल. पाडायचंच तर दगडात, मधोमध."

"आधी धग बघायची," मी म्हटलं. " टीव्ही लागेल तिथे थर्मामीटर चिकटवायचा आणि तासभर आग ठेवायची. शंभर फॅरनहाइटच्या वर गेला तर टीव्ही लावायचा नाही. टीव्हीच्या पुस्तिकेत लिहिलंय."

"माझी भिंत तापत नाही."

तासाभराने थर्मामीटर एकशे चोवीसवर होता.

"खोटं बोलतोय तो," म्हणत बाबांनी भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

आई खाटेवरून हसली. "काय रे आर्वो, थंडगार आहे ना?" मग म्हणाली, "हे बघ, आग पेटवूच नकोस. मला आणखी एक पांघरूण दे, झालं."

हे बोलताना तिने दोन्ही हात काखेत घातले होते. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी टोपी चढवली, करवत उचलली आणि बाहेर पडले.

मला वाटलं, रुसले. खिडकीतून पाहिलं तर ते गोठलेल्या तळ्यावरून चालत आपल्या मासेमारीच्या खोपटाकडे निघालेले. ते खोपट म्हणजे त्यांचं दुसरं घर. हिवाळ्यात रोज दुपारी तिथल्या बाकावर बसायचं आणि बर्फाच्या भोकात गळ सोडायचा, असं चाळीस वर्षं चाललेलं. परतले तेव्हा खांद्यावर त्या बाकाची फळी होती, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेली.

"बाबा, तुमचा बाक!"

"फळी आहे ती. बाक-बीक काही नाही."

फळी त्यांनी शेकोटीच्या तोंडापासून चांगली हातभर वर, भिंतीतून पुढे आलेल्या दोन धोंड्यांवर बसवली. इतक्या वर लाकूड करपायचं नाही, आणि वर चढणारी धग फळीला अडून पुढे वळेल. पुन्हा तासभर आग ठेवली. अठ्ठ्याऐंशी! मगच त्यांनी ड्रिल हातात घेतलं आणि आपल्याच दगडांना चार भोकं पाडली. पहिल्या भोकाच्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. मी ओरडले, तेव्हा उघडले. वायर आगीपासून लांब, कडेकडेने नेली.

शेकोटीवरचा टीव्ही फार उंच होतो, मान अवघडते, असं सगळे म्हणतात. पण ते बसणाऱ्याचं. आडव्या पडलेल्या आईच्या तो बरोबर नजरेसमोर आला.

टिल्डाची टीम तीन-दोन अशी हरली, पण पोरीने एकतीस फटके अडवले. बाबा आईचे हात धरून बसले होते, त्यामुळे तिला टाळ्या वाजवता येईनात आणि ती त्यांच्यावर खेकसत होती. मला दोघांबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी उगाचच कॉफी करायला उठले.

शनिवारी लख्ख ऊन पडलं.

"जा की तळ्यावर," आई बाबांना म्हणाली. "बादली पालथी घालून बस."

"नको."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अरे जा, सिल्वी आहे ना माझ्याजवळ."

"नको."

मी वाट बघत राहिले. बाबाही बघत असावेत, कारण ते चष्मा काढून पुसायला लागले. आईने रिमोट उचलला, आवाज थोडा वाढवला आणि मोकळा हात त्यांच्या हातात दिला. तिसऱ्यांदा तिने म्हटलंच नाही.