वाफेला हरकत नाही

वडगावपासून आत, डोंगराच्या पोटाशी असलेल्या देवाच्या राईत कोणी काडी तोडत नाही, बिडीसुद्धा पेटवत नाही. म्हणूनच राई वाचवण्यावरच्या लघुपटासाठी दिग्दर्शक अनघा मॅडमना तिथेच धुकं हवं होतं.

जनरेटर राईबाहेर ठेवून धुक्याचं मशीन आत आलं तसे राईचे पुजारी दत्तोबा आडवे आले.

"धूर चालायचा न्हाई."

"धूर कुटं, आबा? वाफ हाय ही," गावातला प्रदीप म्हणाला. जागा त्यानंच मिळवून दिली होती, आणि लघुपटात डोक्यावर हंडा घेऊन पाणी नेणारी बाईही घरचीच दिली होती. त्याची बायको, शालन.

दत्तोबांनी कौल लावला. उजवा आला. देवाची हरकत नव्हती. वरच्या फांदीवरच्या आग्या मोहोळाला कोणी विचारलं नाही.

"मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही हं, शालनताई," मॅडम म्हणाल्या.

पांढरा लोट फांदीपर्यंत चढला. दाराएवढ्या काळ्या मोहोळावरून एक लाट सरकली. मग दुसरी. प्रदीपनं दत्तोबांच्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतली.

"काय खर्ज लागलाय!" साउंडवाला हेडफोन दाबून पुटपुटला.

पहिली माशी शालनच्या हंड्यावर बसली. मग पदरावर. मग गालावर. शालन डोळे न मिटता उभी. मॅडमचं तोंड उघडलं, पण 'कट' बाहेर येईना. ओरडलं आणि माश्या उठल्या तर? मॅडम उलट्या पावलांनी गाडीत जाऊन बसल्या. मागोमाग सगळे. दारं अलगद लागली. निसर्गाचा एवढा आदर त्या युनिटनं आधी कधी दाखवला नव्हता.

कॅमेरा आणि मशीन चालूच राहिले.

प्रदीप घोंगडी पांघरून एकेक पाऊल पुढे गेला. डंखानं कानाची आग झाली तरी ओरडला नाही. हंडा उतरवून, शालनला आत घेऊन तो खाली बसला. आत काळोख, बाहेर घोंगावणं. वर बसणाऱ्या माश्यांनी घोंगडी जड होत चालली.

"हलू नको."

"मी कवाच हलले न्हाई. तुमीच लटालटा कापताय."

"मेलो आपण, शालन."

"मरा, पर हळू बोला."

घोंगडी आणखी जड झाली. शालनची नखं त्याच्या दंडात रुतली.

केव्हातरी मशीनमधलं पाणी संपलं. फुसफुस थांबली. वजन मूठमूठ कमी झालं.

गाडीची काच दोन बोटं खाली आली.

"प्रदीपभाऊ, अजून एक टेक?" आतून मॅडम.

सुजलेल्या गालानं शालन उठली. जनरेटर बंद केला, चावी कनवटीला खोचली आणि घराकडं चालू लागली. मागून प्रदीप, घोंगडी न काढता.