वहीतलं दुसरं अक्षर

चिचगडच्या बसथांब्याजवळ संघदीपचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा शाळेपासूनचा मित्र भूपेंद्र देवरीला मोबाइलचं दुकान चालवायचा. दोघांनी मिळून रिमोटवर उडणारं छोटं विमान बनवायला घेतलं, ते २०११ची दिवाळी झाल्यावर. लग्नाच्या सजावटीतून उरलेल्या थर्माकोलचे पंख संघदीपने गरम तारेने कापले, आत बांबूची कामटी बसवली. सांगाडा आठ दिवसांत उभा राहिला. डोकं खाल्लं ते आतल्या सामानाने.

दर रविवारी भूपेंद्र यायचा आणि दोघं वही उघडून बसायचे.

"चोवीस ग्रॅमची मोटर कायले घेऊन राहिला बे? मोठी घेऊ ना."

"मोठी मोटर मोठी बॅटरी मागते. बॅटरी वाढली का वजन वाढते, वजन वाढलं का पंख मोठे लागते. मंग आपण विमान नाही, बैलबंडी उडवून राहिलो."

भूपेंद्र हसायचा आणि संघदीप आकडे वहीत लिहायचा. मोटर सात अँपिअर ओढणार, म्हणून तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर दहाचा. शेपटीची पाती हलवायला नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन छोट्या सर्वो मोटरी. बॅटरी दोन सेलची, त्याहून जड नाही. वाद झाला फक्त रिमोटवर. संघदीपला जुन्या पद्धतीचा, लांब एरियलचा सेट चालणार होता. भूपेंद्र अडून बसला: नव्या पद्धतीचाच घ्यायचा, त्यात दुसऱ्याच्या सिग्नलची भेसळ होत नाही. संघदीपने दोन दिवस विचार केला आणि त्याचं म्हणणं मान्य केलं. वहीच्या त्या पानावर भूपेंद्रनेच रिमोटचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

कुरियर चिचगडला येत नव्हतं, म्हणून पार्सल भूपेंद्रच्या नावाने देवरीला मागवलं.

जानेवारीत पार्सल आलं, पण भूपेंद्रच्या हाती पडण्याआधी पोलिसांनी ते उघडलं. त्या नक्षलग्रस्त जंगलपट्टीत तारा, बॅटरी आणि रिमोट एकाच खोक्यात निघाल्यावर चौकशी होणारच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शिपाई संघदीपच्या दुकानात आले. अर्धवट विमान, वही आणि संघदीप, तिघांनाही जीपमध्ये घातलं. त्याची बायको अल्का दारात उभी होती. शेजारच्या दुकानांतले लोक आधी जीपकडे आणि मग तिच्याकडे बघत होते.

चौकीत साहेबांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला. भूपेंद्रचा जबाब होता. 'पार्सल माझ्या नावावर असले तरी वस्तू संघदीपच्या आहेत. तो काय बनवतो ते मला ठाऊक नाही. असल्या वस्तू मागवू नकोस, असे मी त्याला बजावले होते.'

संघदीपने तो दोनदा वाचला. घाबरलेला माणूस अंग काढून घेतो, हे त्याला कळत होतं. तो स्वतःही घाबरलाच होता. पण 'बजावले होते'? हे कोणी विचारलंसुद्धा नसेल. एवढं भूपेंद्रने आपल्या मनाने जोडलं होतं.

दुपारी गोंदियाहून वायरलेसचं काम जाणणारे एक अधिकारी आले. त्यांनी एकेक वस्तू उचलून विचारलं, ही कशाला, हीच का. संघदीपने वजनं सांगितली, अँपिअर सांगितले, तारा जोडून शेपटी हलवून दाखवली. सांगता सांगता त्याचा आवाज सुधारत गेला. अधिकारी वही चाळत होते. रिमोटच्या पानावर ते थांबले.

"हे दुसरं अक्षर कोणाचं?"

माझंच, असं म्हणता आलं असतं. संघदीपने जबाबाखालची भूपेंद्रची सही पाहिली.

"भूपेंद्रचं. रिमोट त्यानंच निवडला, साहेब. अन् बरोबर निवडला."

संध्याकाळी त्याला सोडलं. सामानही परत दिलं. उडवायच्या आधी चौकीत कळवायचं, एवढीच अट घातली.

चार दिवसांनी भूपेंद्र दुकानात आला. माफी मागायला आला असेल, असं वाटून संघदीपने स्टूल पुढे केलं. तो बसला नाही.

"माझं नाव कायले घेतलं? पुन्हा बोलावून दिवसभर बसवलं मले चौकीत."

"अक्षर तुझं होतं."

"तुझं म्हणून सांगतलं असतं तं काय झालं असतं? तुले तं नेलंच होतं. आमच्या घराचं नाव आहे गावात."

"अन् माझ्या घराचं?"

भूपेंद्र मोटारसायकलकडे वळला. बोलण्यासारखं त्याला काही वाटलंच नसावं, आणि संघदीपला तेच जबाबापेक्षा जास्त लागलं. पंधरा वर्षं हा माणूस आपल्या ताटात जेवला, आणि आपल्याला नेलं तर चालतं, हे त्याच्या मनात इतकं सहज होतं. अल्का चहा घेऊन आली तोवर मोटारसायकल सुरू झाली होती.

विमान महिनाभर भिंतीला टेकून पडून राहिलं. "फेकून तरी द्या, नाहीतर उडवा तरी," अल्का एकदा म्हणाली. मग त्याने मोटर नाकात बसवली, बॅटरी पुढे-मागे सरकवत तोल साधला. एप्रिलमध्ये तलावाचं पाणी आटलं, तेव्हा चौकीत कळवून दोघं तिथे गेले. हाताने फेकायचं काम अल्काने केलं.

"वर नको फेकू, सरळ फेक."

पहिल्यांदा ते नाकावर पडलं. दुसऱ्यांदा उडालं. पळसाच्या वरून वळून परत आलं, आणि अल्का त्याच्यामागे मान फिरवत हसत राहिली. रिमोटने एकदाही दगा दिला नाही. संघदीपला आनंद झाला, पण नजर वरच ठेवून तो दोनदा "पाह्य बे" म्हणाला, आणि दोन्ही वेळा ते अल्काला म्हटलेलं नव्हतं.

तिच्या ते लक्षात आलं.