तिसरा सर्व्हर

वादळ दुपारी उत्तरेकडच्या बेटांवर आदळणार होतं आणि आमच्या क्लाउडने, म्हणजे सगळे सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने, सकाळपासून एकच हेका धरला होता: समूह जोडता येत नाही, आभासी स्विच जुळत नाही.

कुठला स्विच, कुणाशी जुळत नाही, ते सांगायचं नाही. असल्या निरोपांनी माझं डोकं फिरतं. नाही म्हणायचं तर म्हण, पण कारण तरी दे!

वालू बे या बंदराकडच्या भागातल्या जुन्या इमारतीतल्या सर्व्हरांवर उत्तर विभागाची तातडीची फोनसेवा चालायची. वानुआ लेवू बेट असो की तावेउनी, कुणाचं छप्पर उडालं, कुणी बुडत असलं की फोन तिथे यायचा आणि तिथून डॉक्टरकडे, बोटीकडे, पोलिसांकडे जायचा. ती इमारत समुद्राला खेटून. पाणी आत शिरलं की वीज तोडायची असा नियम. त्याआधी ही सेवा इथे, तामावुआच्या टेकडीवर, तीन नव्या सर्व्हरांवर हलवायची होती. आणि हलवण्याआधी ते तिघं एक समूह म्हणून क्लाउडने स्वीकारायला हवे होते.

वालू बेला आमची लिटिया थांबली होती. तिचा फोन मी टेबलावर चालूच ठेवला होता.

"विनेश, पाणी रस्त्यावर आलंय," ती म्हणाली. विनेश्नी हे माझं नाव सगळे असंच तोडतात. "वीजवाले गाडीत बसून माझ्याकडे टकमक बघतायत."

"त्यांना चहा दे. बोलत ठेव."

"चहा संपला गं. आता गाणं म्हणू का?"

"तू गायलीस तर ते लगेच वीज तोडतील," माझ्या मागून ओरिसी म्हणाले.

एरवी या माणसाच्या एका वाक्याला दहा विनोद असतात. त्या दिवशीचा हा पहिलाच, आणि तोही हसता हसता विरला. ओरिसी कांदावू बेटाचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना मोमो म्हणते, मामा म्हणतो ना, तसं. सर्व्हर आणणं, बसवणं, केबल जोडणं त्यांच्याकडे. त्यांची मुलगी वासिती तावेउनीच्या पूर्व किनाऱ्यावर नर्स होती, अख्ख्या किनाऱ्याला ती एकटी. डॉक्टरला विचारायचं असो की बोट मागवायची असो, तिला हीच फोनसेवा. ती बंद पडली असती तर वादळात त्या पोरीचं ऐकणारं कुणीच उरलं नसतं. हे ओरिसींना माहीत होतं, मलाही. आम्ही दोघंही ते बोलत नव्हतो.

एका सर्व्हरच्या पोटात अनेक यंत्रं चालतात, खरी नव्हेत, प्रोग्रॅमने बनवलेली. त्यांचं बोलणं इकडून तिकडे नेणारा स्विचही प्रोग्रॅमचाच. त्याच्या दोन जाती. साधा स्विच ज्या त्या सर्व्हरचा स्वतःचा असतो. सामाईक स्विच सगळ्या सर्व्हरांवर मिळून एकच पसरलेला असतो. आमच्या क्लाउडला सांगितलं होतं की हा समूह सामाईक स्विचवर आहे. मी तिन्ही सर्व्हर त्याच्यावर चढवले, स्क्रीनवर तिघांपुढेही हिरवी खूण आली. तरीही क्लाउड म्हणतोय, जुळत नाही.

मी क्लाउडमधल्या सगळ्या नोंदी तपासल्या. समूह काढून पुन्हा घातला. मोमोंना केबल काढून पुन्हा बसवायला लावल्या. तेच उत्तर.

"मोमो, तिन्ही सर्व्हर एकाच खेपेतले ना? सगळं सारखं?"

"तिन्ही चालू आहेत की," ते पाठमोरेच म्हणाले.

मी विचारलं काय आणि ते सांगतायत काय! पण तेव्हा माझं लक्ष स्क्रीनवर होतं.

मग दमून मी हात आखडले आणि काहीही न करता नुसती बघत बसले. तेवढ्यात ते दिसलं. पहिला सर्व्हर हिरवा. दुसरा हिरवा. तिसऱ्याची खूण गेली. तो आपण होऊन सामाईक स्विचवरून उतरला आणि आपल्या साध्या स्विचवर जाऊन बसला. सर्व्हरचा संपर्क तुटला तर त्याने मुकाट जुन्या जागी परतावं अशी सोय असते. मी चढवत होते, तो उतरत होता, आणि क्लाउड तपासायला येईपर्यंत तो उतरलेलाच असायचा. खोटं क्लाउड बोलत नव्हता.

मी उठून मागच्या खोलीत गेले. तिसऱ्या सर्व्हरची पुढची पट्टी नवी कोरी होती. ती ओढली तर सहज हातात आली. आत जुनाट, धुळकट, कडेला गंजलेला सांगाडा. वर चिकटपट्टीवर कुणीतरी लिहिलं होतं, 'लंबासा'.

मी पट्टी घेऊनच बाहेर आले.

"मोमो, हे काय आहे?"

ओरिसींनी पट्टी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "जोलामे येऊन गेला."

जोलामे म्हणजे वानुआ लेवूवरच्या आमच्या लंबासा शाखेचा माणूस, थाकाउंद्रोवे प्रांताचा. कांदावूचे आणि थाकाउंद्रोवेचे लोक एकमेकांचे नाइता, म्हणजे पूर्वापार थट्टेच्या नात्यातले. नाइताने तुमची चप्पल नेली, डुक्कर नेलं, तरी हसायचं. रागावायचं नाही, परत मागायचं नाही आणि तिसऱ्याकडे तक्रार तर मुळीच करायची नाही. मी या देशात जन्मले, हे सगळं बघतच मोठी झाले, पण नवा सर्व्हर नेऊन त्याची पुढची पट्टी आपल्या खटाऱ्यावर चढवण्यापर्यंत कुणाची मजल जाईल असं वाटलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं!"

"बसवताना कळलं. खूप हसलो. म्हटलं, काम तर हाही करतो."

"सकाळपासून मी इथे डोकं आपटतेय आणि तुम्ही गप्प? तुमची मुलगी तिथे एकटी बसलीय, मोमो!"

बोलले आणि लगेच वाईट वाटलं. त्यांचा चेहरा उतरला.

"नाइताचं नाव तिसऱ्यापुढे घ्यायचं नसतं, विनेश," ते हळूच म्हणाले. "मला वाटत होतं, तू दुसरं काहीतरी शोधशील. मनात म्हणत होतो, दुसरंच काहीतरी निघू दे." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "लाव त्याला फोन. मीच बोलतो."

पलीकडून जोलामेचा मोठा आवाज आला.

"काय रे वाळक्या रताळ्या, अजून वाहून गेला नाहीस?"

"तुमचं वादळ आहे, आधी तुम्हाला नेईल," ओरिसी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "नाइता, मी तुझं नाव सांगितलं."

मी फोन ओढून घेतला.

"जोलामे, मी विनेश्नी. सर्व्हर तू उचललास?"

"उचलला नाही हो, नेला. माझ्या नाइताचा होता."

"तुझ्या नाइताचा नव्हता, कंपनीचा होता!"

"आता हॉस्पिटलचा आहे. त्यांचा पसारा माझ्या जुन्याला झेपत नव्हता. ऑपरेशन चालू असताना मान टाकली त्याने. वर्षभर नवा मागतोय, कुणी ऐकलं? हवा तर या आणि काढून न्या. पण वॉर्ड भरलेत, हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा."

त्याला शिव्या द्यायच्या म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण भरलेल्या वॉर्डांपुढे शिवी कशी देणार? आणि त्या वेळी शिव्यांना वेळही नव्हता.

"तो सामाईक स्विचवर टिकत नाही. का?"

"नेटवर्क कार्ड जुनं आहे. त्या स्विचवर चढवलं की लाथ मारतं. मी करून पाहिलंय, नाद सोडा. साध्या स्विचवर मात्र कधी कुरकुरलं नाही. तुमची फोनसेवा हलकी आहे, ती तो सहज ओढेल."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं?"

मी फोन ठेवला. तिसरा सर्व्हर वगळून चालणार नव्हतं, आमची माहितीची साठवण तिघांशिवाय उभीच राहत नाही. तिसरा वर चढत नव्हता, तेव्हा पहिल्या दोघांना खाली आणायचं. तिघंही साध्या स्विचवर. म्हणजे सामाईक स्विचवर एकदाच आखलेली सगळी जाळी, कुठलं बोलणं कुठल्या वाटेने जाणार ते, आता प्रत्येक सर्व्हरवर हाताने पुन्हा आखायची आणि क्लाउडलाही सांगायचं की हा समूह साध्या स्विचचा आहे. एका सर्व्हरवर एक जरी जाळं आखायचं राहिलं, तर सेवा चालू दिसते, फोन वाजतो आणि पलीकडचा आवाज येत नाही. बंद सेवेपेक्षा ते वाईट. लोक बोलत राहतात आणि कुणी ऐकत नाही.

"विनेश, पाणी उंबऱ्याला लागलं," लिटिया म्हणाली. या वेळी ती मस्करी करत नव्हती. "वीजवाला आत आलाय."

"मला थोडा वेळ मिळवून दे."

"कसा?"

"रड, भांड, काहीही कर!"

ओरिसींनी खुर्ची माझ्याशेजारी ओढली. ते एकेक जाळं वाचायचे, मी टाइप करायची, मग मी वाचायची आणि ते स्क्रीनवर बोट ठेवून "आहे" म्हणायचे. आवाजाचं जाळं. साठवणीचं. बाहेरच्या फोनचं. दुसऱ्या सर्व्हरवर मी बाहेरच्या फोनच्या जाळ्याचा क्रमांक चुकीचा घातला, तो त्यांनी पकडला. तिसऱ्या सर्व्हरवर तर ते प्रत्येक ओळ दोनदा वाचत होते.

क्लाउडची व्यवस्थापन सेवा बंद करून पुन्हा चालू केली. ती उठायला वेळ लागतो. त्या वेळात करण्यासारखं काही नसतं. ओरिसी उठले, खिडकीशी गेले, परत आले.

"ती फोन करत असेल तर आत्ताही लागतोय ना?"

"लागतोय, मोमो. वालू बे अजून जिवंत आहे."

मी समूह जोडायचं बटण दाबलं. चक्र फिरलं, फिरत राहिलं. पहिला सर्व्हर स्वीकारला. दुसरा स्वीकारला. तिसऱ्यापाशी थांबलं. ओरिसींनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखलं. आणि मग तिसराही आत गेला.

"हलव!" ते ओरडले.

सेवेचे भाग एकेक करून टेकडीवर येऊ लागले. फोनवर लिटिया वीजवाल्याशी खरंच भांडत होती, त्याची आई, त्याचं गाव, त्याचं चर्च, कशालाही सोडत नव्हती. शेवटचा भाग आला तेव्हा तिचा आवाज मध्येच तुटला. वालू बे अंधारात गेलं. नंतर तिच्या मोबाईलवरून निरोप आला की ती गाडीत बसलीय, चपला पाण्यात राहिल्या.

स्क्रीनवर सेवा चालू दिसत होती. पण आवाज येतो की नाही, हे खऱ्या फोनवरच कळणार होतं. अशा वेळी आम्ही हेडफोन लावून चालू फोन ऐकतो. नुसतं ऐकता येतं. आपला आवाज पलीकडे जात नाही, तशी परवानगीही नाही.

"तुम्ही लावा, मोमो."

त्यांनी लावला. पहिला फोन आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आवाज येतोय की नाही, एवढंच मला हवं होतं. मी त्यांच्या कानाशी कान नेला.

वाऱ्याचा घोंगाट होता आणि त्यातून एका बाईचा शांत, सावकाश आवाज.

"...शाळेचं छप्पर गेलं. पंचवीस-तीस माणसं आहेत. एका मुलाच्या मांडीत पत्रा घुसलाय, मी बांधलंय, पण रक्त थांबत नाही. मला डॉक्टर द्या."

"देते. नाव सांगा," सेवेवरची मुलगी म्हणाली.

"नर्स वासिती. लवकर करा. या सगळ्यांना मी एकटीच आहे इथे."

ओरिसींचे ओठ हलले. मी त्यांचा हात धरला. ते "वासिती, वासिती" म्हणत होते आणि तिला ते ऐकू जात नव्हतं. पलीकडे डॉक्टर आला आणि त्याने तिला मांडी कुठे दाबायची ते सांगायला सुरुवात केली. ती "हो" म्हणत होती, "दाबलं" म्हणत होती, तिचा आवाज एकदाही हलला नाही.

ओरिसींनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"आवाज येतोय," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी येतोय. नोंदीत लिही तसं."